अँटीव्हायरसच्या पैशातून उकरलेलं नगर

सोनसळी · मंगळवार, २१:१०

मे महिन्यात सांटोरिनीला जाऊन आलो. निळे घुमट आणि सूर्यास्त यांचे फोटो तुम्ही इतके पाहिले असतील की ते इथे डकवत नाही. मला बोलायचंय ते बेटाच्या दक्षिणेकडच्या अक्रोतिरीबद्दल, आणि खरं तर तिथे आमच्या गाइडबाईंनी जाता जाता टाकलेल्या एका वाक्याबद्दल.

अक्रोतिरी म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेलं नगर. पाँपेईची थोरली आजी म्हणा. पण इथे माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत. आधी भूकंप झाले, लोक सावध झाले आणि किडुकमिडुक घेऊन निघून गेले असं मानतात. १९६७ साली स्पिरिदोन मारिनातोस यांनी खणायला घेतलं, १९७४ साली त्याच जागी अपघातात ते गेले, आणि १९७५पासून ख्रिस्तोस दूमास यांनी काम हातात घेतलं. २००५ साली वरच्या छपराचा एक भाग कोसळून एक पर्यटक दगावला. तेव्हा बंद केलेली जागा थेट २०१२ला उघडली.

आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम विझतं. उंचावरच्या वाटेवरून चालायचं, खाली दोन-दोन मजली घरं, दगडी जिने भूकंपाने मधोमध चिरलेले. आणि रांजण! माझ्या आजोळच्या माजघरात धान्याचे होते तसेच, ओळीने, पोट सुटलेले. पाच मिनिटं तिथून हललेच नाही. नवरा पुढे गेला आणि मग मला शोधत परत आला.

तर गाइडबाई म्हणाल्या, ‘अलीकडची खोदाई एका अँटीव्हायरस कंपनीच्या पैशावर चालते.’ आमच्यातल्या दोघातिघांना ती गंमत वाटली. गंमत नव्हती. २०१६ साली कॅस्परस्की ही कंपनी या उत्खननाची मुख्य प्रायोजक झाली. २०१८ साली एका घरात मातीच्या पेट्या सापडल्या आणि त्यांतल्या एकीत संगमरवराची छोटी स्त्रीमूर्ती निघाली, तीही याच काळातली.

ज्या कंपनीचं खोकं मी एकेकाळी दरवर्षी टिळक रोडवरून आणायचे, ती ग्रीसमध्ये माती उकरायला पैसे का देते? जाहिरात म्हणावी तर तिथे येणारे निम्मे लोक सेल्फी काढून जातात. दानधर्म म्हणावा तर मग हेच का? सुरक्षा विकणाऱ्या कंपन्यांनी संशोधन, खेळ, समाजकार्य यांत पडावं का, आणि पडल्या तर कशा, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं.

अवांतर: फिरा गावातल्या संग्रहालयात अक्रोतिरीच्या भिंतींवरची निळी माकडं आहेत. शेपट्या वर उचलून वळवलेल्या. तशी शेपटी आपल्या वानराची असते, तेव्हा हे हनुमान लंगूर असावेत असं काही संशोधकांनी अलीकडे मांडलंय. सगळ्यांना पटलेलं नाही. मला बघताक्षणी पटलं.


आडवातिडवा · मंगळवार, २१:२२

फिरा गावात फिरा. एवढंच डोक्यात राहिलं. बाकी छान, पुढील भागाच्या प्रतीक्षेत.


खापरतुकडा · मंगळवार, २२:१५

सोनसळीताई, वानर आणि माकड यांत फरक केलात, बरं वाटलं. शहरातली मंडळी सगळ्यांना माकडच म्हणतात.

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो, आता पोटापाण्यासाठी दुसरंच करतो. खणायला पैसा मिळणं त्या मानाने सोपं असतं. खणताना फोटो निघतात, मंत्री येतात, काहीतरी चकाकणारं निघेल अशी आशा असते. (अक्रोतिरीत १९९९ला सोन्याचा रानबोकड निघाला, तो त्याच संग्रहालयात आहे. पाहिला असेलच.) पैसा मिळत नाही तो नंतरच्या कामाला.

नंतरचं काम म्हणजे काय ते सांगतो. पाटीभर खापरं तंबूत येतात. प्रत्येक तुकडा बादलीत बुडवून दात घासायच्या ब्रशने धुवायचा. रंगकाम दिसलं तर ब्रश बाजूला आणि नुसता अंगठा. मग सुतळीच्या खाटेवर वाळत घालायचं, पण कुठल्या खड्ड्यातलं, कुठल्या थरातलं ती चिठ्ठी त्या-त्या ढिगाबरोबरच राहिली पाहिजे. एकदा वावटळ आली आणि माझ्या चार ढिगांच्या चिठ्ठ्या उडाल्या. सरांनी आवाज चढवला नाही. चारही ढीग उचलून ‘संदर्भ नाही’ अशा पोत्यात टाकले. त्या पोत्याकडे मी आजही मनात बघतो. वाळलं की बारीक टाकाने काळ्या शाईचा नंबर घालायचा, आणि तोही आतल्या बाजूने. हे दिवसाला तीन-चारशे तुकडे. कुठला प्रायोजक यासाठी खिसा सैल करतो?

अक्रोतिरीची बहुतेक भित्तिचित्रं भिंतीवर अखंड मिळाली नव्हती. हजारो तुकडे होते आणि ते जुळवत लोकांचे जन्म गेलेत. म्हणून वर्षानुवर्षं टिकणारा प्रायोजक असेल तर तो कोणीही असो, मी त्याला आधी नमस्कार करीन आणि प्रश्न नंतर विचारीन.

आपल्याकडे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षं तिथे खणलं. ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं पुरं गाव निघालं, चार पायांच्या रांजणात पुरलेल्या माणसासकट. पुण्याहून दोन तासांवर. इथल्या किती जणांनी पाहिलंय?


सोनसळी · मंगळवार, २२:३१

नाही पाहिलं. लाज वाटली. आणि तुमचं ते पोतं आता माझ्याही डोक्यात बसलं.


डेबियनदास · मंगळवार, २३:४८

याच धंद्यात आहे (बाणेर, रात्रपाळी, म्हणून आत्ता लिहितोय). या कंपनीत कधी काम केलेलं नाही, हे आधीच सांगतो.

‘का देतात’ याचं माझ्या परीने उत्तर. मालक यूजीन कॅस्परस्की यांना ज्वालामुखींचं वेड आहे, ते स्वतःच त्यावर सतत लिहीत असतात. कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे तिमाहीला कोणाला जाब द्यायचा नसतो. मालकाला आवडलं, दिले पैसे. आपल्याकडचे संस्थानिक मल्ल पोसायचे, गवय्ये पोसायचे, त्यातलाच प्रकार. यात मला वावगं वाटत नाही.

पण ‘संशोधन’ म्हणाल तर उत्खननापेक्षा त्यांचं घरचं संशोधन मोठं. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने त्यांना पश्चिम आशियातल्या एका डेटा पुसणाऱ्या व्हायरसचा माग काढायला सांगितलं. तो शोधताना हाती लागलं ‘फ्लेम’ नावाचं हेरगिरीचं अवाढव्य प्रकरण. २०१५ला ‘इक्वेशन ग्रुप’ नावाची हेरगिरी करणारी हॅकरांची टोळी. त्याच वर्षी यांच्याच नेटवर्कमध्ये कोणीतरी घुसलेलं सापडलं, तेही त्यांनी दडवलं नाही, सगळा पंचनामा छापला. २०२३ला यांच्या कर्मचाऱ्यांच्या आयफोनवर हल्ला झाला. मेसेज येतो, तुम्ही काहीही दाबत नाही, तरी फोन गेला. त्याचंही पूर्ण विच्छेदन जगाला फुकट वाचायला दिलं. आम्ही ऑफिसात ते पोथीसारखं वाचलंय.

आता दुसरी बाजू. कंपनी मॉस्कोची. २०१७ला अमेरिकेने सरकारी संगणकांवरून हिला काढलं, २०२४ला विक्रीच बंद केली. त्या सप्टेंबरात तिथल्या कित्येक ग्राहकांनी सकाळी संगणक उघडला तर कॅस्परस्की गायब आणि जागेवर भलताच अँटीव्हायरस येऊन बसलेला. कंपनी म्हणते आम्ही कोणाचे हेर नाही, ग्राहकांचा डेटा झुरिकला हलवला, कोड तपासायला दारं उघडली. अमेरिका म्हणते रशियन सरकारने उद्या हुकूम दिला तर तुम्ही नाही म्हणू शकणार का. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी कळतं.

मुद्दा असा की अँटीव्हायरसला संगणकाच्या माजघरापर्यंत जायची मुभा असते. असा माणूस देवळाला देणगी देतो तेव्हा लोक दोनदा बघणारच.


माइनकाठचा · बुधवार, ०१:०५

फ्रांकफुर्टहून. इथला फुटबॉल क्लब आइन्ट्राख्ट, त्याच्या प्रायोजकांत कॅस्परस्कीवाले होते. मार्च २०२२मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने ‘हे सॉफ्टवेअर बदला’ असा इशारा काढला आणि क्लबने लगेच करार मोडला. फेरारीनेही त्याच महिन्यात भागीदारी थांबवली. वर्षानुवर्षं लाल गाडीवर मिरवलेलं नाव होतं.

माझ्या शेजारचा म्हातारा क्लबचा जुना सदस्य. मी विचारलं, काय वाटतं? म्हणाला, ‘पैसा गेला, दुसरा येईल. बेंच तोच आहे.’ स्टेडियममधली त्याची जागा म्हणायची होती त्याला.

त्याच वेळी अक्रोतिरीचं काय झालं हा मला खरा प्रश्न पडलाय. गाडीवरचा स्टिकर एका रात्रीत निघतो. अर्धवट खणलेला खड्डा असा सोडता येत नाही.


खापरतुकडा · बुधवार, ०८:२०

माइनकाठचा, शेवटची ओळ लाखमोलाची. उघडी पडलेली मातीची भिंत एका पावसाळ्यात जाते. खणणं म्हणजे ती जागा सांभाळायचं वचन देणं आहे. क्लबशी करार तीन हंगामांचा असतो. इथे माझ्या मते तो पिढीचा हवा.


घोडा अडीच घरं · बुधवार, ०९:१२

बुद्धिबळ राहिलं की! २०१८ला लंडनमध्ये कार्लसन-कारुआना जगज्जेतेपदाचा सामना झाला, तेव्हा कॅस्परस्कीवाले त्याचे सायबर सुरक्षा भागीदार होते. बारा डाव, बाराच्या बारा बरोबरीत. शेवटी जलद डावांत कार्लसनने तिन्ही मारले.

बुद्धिबळात सुरक्षा कंपनी असण्याला अर्थ आहे. मोबाइलमधलं बुद्धिबळ खेळणारं साधं सॉफ्टवेअर आज जगज्जेत्याला हरवतं. खेळाडू प्रसाधनगृहात गेला तरी पंचांच्या पोटात गोळा येतो. इथे प्रायोजकाचा धंदा आणि खेळाची गरज जुळतात. फेरारीच्या नाकावर नाव रंगवण्यात असं काय जुळतं? वेग?

मी आमच्या उपनगरात शनिवारी मुलांना शिकवतो. पट आणि घड्याळं द्यायला कोणीही तयार असतं, कारण पटावर लोगो छापता येतो. हॉलचं भाडं द्यायला कोणी तयार नसतं. भाड्याच्या पावतीवर लोगो छापता येत नाही.


डोंगरवाटा · बुधवार, १०:४०

एक जुनी गोष्ट कोणालाच आठवली नाही म्हणून लिहिते. २००९ची कॅस्परस्की कॉमनवेल्थ अंटार्क्टिक मोहीम. राष्ट्रकुलाला ६० वर्षं झाली म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या बायका स्कीवरून दक्षिण ध्रुवावर गेल्या. नेतृत्व ब्रिटनच्या फेलिसिटी ॲस्टन यांचं. काही जणी अशा देशांतल्या की जन्मात बर्फ पाहिलेला नाही, ब्रुनेईची होती, सिंगापूरची होती. सुमारे ९०० किलोमीटर, आपापलं सामान स्लेजवर ओढत. आपल्याकडून रीना कौशल धर्मशक्तू होत्या. ध्रुवापर्यंत स्की करत गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये तेव्हा त्या बातमीचं कात्रण सगळ्यांच्या हातून फिरलं होतं. मी तेव्हा कळसूबाईला धाप लागणाऱ्यांपैकी. (आत्ताही.) कंपनीचं नाव मोहिमेच्या नावातच होतं, सरळसरळ जाहिरात. पण ज्या बाईला घरातून ‘कुठे जातेस’ विचारतात तिच्या हातात कोणीतरी तिकीट ठेवलं. ते कुठल्या खात्यातून आलं याने मला फारसा फरक पडत नाही.


शिट्टी · बुधवार, १३:३०

मास्तर आहे, क्रीडाशिक्षक. कबड्डीचा पंच. तुम्ही सगळे ग्रीस, लंडन, अंटार्क्टिका फिरून आलात, आता जरा आमच्या तालुक्यात या.

आमच्याकडे एका सिक्युरिटी कंपनीने (गार्ड पुरवणारी, नाव घेणार नाही) १४ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेला मदत करायचं कबूल केलं. आम्ही मागितली होती मॅट. मातीवर गुडघे सोलवटतात आणि पुढे जिल्ह्याला सामने मॅटवर असतात, तिथे आमची पोरं घसरतात. आल्या काय, तर तीस बनियनी. सगळ्या एक्सएल. १४ वर्षांची, पस्तीस-चाळीस किलोची पोरं! चढाईला गेलं की बनियन गुडघ्यापर्यंत, बचाववाला हात घालतो तो कापडालाच. शेवटी मी पोरांना मागून गाठी मारायला लावल्या. गाठ पाठीवर, तिथेच कंपनीचं नाव, त्यामुळे नाव गाठीत गेलं. साहेब चिडले. फोटो काढताना गाठी सोडायला लावल्या.

थर्मोकोलचा दरवाजाएवढा चेक दिला. खरा चेक तीन महिन्यांनी आला, त्यातून मंडपवाल्याचंही भागलं नाही.

याहून लागलेली गोष्ट अशी. त्या दिवशी पाहुण्यांना पाणी द्यायला त्यांचाच एक गार्ड उभा होता. आमच्याच गावचा, माझा जुना विद्यार्थी, एके काळी उजवा कोपरा खेळायचा. कार्यक्रम संपल्यावर हळूच म्हणाला, ‘सर, दोन महिने पगार नाही. बारा तास उभा राहतो.’ आणि स्टेजवर ‘समाजाचं देणं’ यावर भाषण चाललेलं.

तेव्हापासून कोणीही ‘सामाजिक बांधिलकी’ म्हटलं की मी आधी त्यांच्या दारावरच्या माणसाला विचारतो, पगार झाला का.


आडवातिडवा · बुधवार, १३:४१

यावर काही टवाळी करवत नाही. +१


हिशेबनीस · बुधवार, १५:०५

शिट्टीसर, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. कायद्याची बाजू थोडी मांडतो, कारण धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. २०१४ला लागू झाला तेव्हा निकष ठेवला तो असा: नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी ओलांडलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कुठल्या कामावर, ते सातव्या अनुसूचीत दिलंय. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण त्यात आहे. ऐतिहासिक वास्तू आणि स्थळांचं जतन आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाचं संशोधन आहे. म्हणजे खापरतुकड्यांचं काम आणि शिट्टीसरांची मॅट, दोन्ही बसतात.

पण जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेलं प्रायोजन यात धरता येत नाही. फेरारीवर नाव, स्पर्धेच्या नावात नाव, हा जाहिरात खर्च. कंपनीने जरूर करावा, पण २ टक्क्यांत दाखवू नये. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेलं कामही चालत नाही. अर्थात कर्मचाऱ्याचा पगार हे समाजकार्य नाहीच, ते कर्ज आहे. तुमच्या त्या विद्यार्थ्याने कामगार आयुक्तांकडे जावं.

एक मजेशीर कलम: भारताबाहेर केलेला खर्च चालत नाही, अपवाद एकच, राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचं परदेशातलं प्रशिक्षण. म्हणजे भारतीय कंपनीने अक्रोतिरीला पैसे दिले तर ते यात बसणार नाहीत. इनामगावला दिले तर वाट आहे.


फोकस आउट · बुधवार, २२:५०

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज लिहितो, कारण या विषयात माझा जीव अडकला होता.

कोल्हापुरात स्टुडिओ आहे, लग्नाची कामं. २०१९च्या जूनमध्ये एका सकाळी संगणक उघडला तर एकही फोटो उघडेना. प्रत्येक फायलीच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटलेलं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९०. लक्ष्मीपुरीत घासाघीस करतात तशी सूट! अकरा लग्नं होती त्यात. त्यातल्या एका लग्नातले नवऱ्या मुलाचे वडील नंतर पंधरा दिवसांत वारले होते. त्यांचे शेवटचे फोटो तेवढेच, अक्षता पडताना डोळे पुसतायत तो.

चूक माझीच. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकटातलं, क्रॅक केलेलं उतरवलं होतं, त्यातूनच ते आलं. बॅकअपची डिस्क होती, पण ती संगणकालाच जोडलेली. तीही गेली.

दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारू. मी म्हटलं थांब. भाच्याने ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची साइट शोधून दिली. तिथे चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल टाकली की कुठल्या जातीचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आहे ते सांगतात. आमच्या जातीवर तेव्हा पूर्ण औषध नव्हतं. भाचा म्हणाला, डिस्क तशीच कपाटात ठेव मामा, कधीतरी निघेल. ठेवली, देवाच्या फोटोमागे. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तोडगा निघाला, आमच्या वेळचा प्रकार त्यात बसला आणि फुकट मिळाला. रात्रभर चालवला. पहाटे पहिली फाइल उघडली ती नेमकी जेवणाच्या पंगतीची, जिलेबीचं ताट. मी रडलो. जिलेबीला बघून.

ते वडिलांचे फोटो मोठे छापून घरी नेऊन दिले, पैसे घेतले नाहीत.

तेव्हा माहीत नव्हतं ही साइट कोणाची. आज धागा वाचून शोधलं.


डेबियनदास · गुरुवार, ००:३०

फोकस आउट, हे लिहिल्याबद्दल आभार. ती साइट जुलै २०१६मध्ये सुरू झाली. डच पोलीस, युरोपीय पोलीस संघटना युरोपोल, इंटेल सिक्युरिटी (आताची मॅकॅफी) आणि कॅस्परस्की. नंतर शेकड्यांनी संस्था आल्या. तुम्ही सांगितलेल्या चिठ्ठीवरून आणि काळावरून तो तोडगा एम्सिसॉफ्ट या तिसऱ्याच कंपनीचा असणार. बाजारात एकमेकांचे गळे धरणारे इथे एका ताटात जेवतात. त्या प्रकाराच्या नंतरच्या आवृत्त्यांवर मात्र तो सहसा चालत नाही, फक्त ‘ऑफलाइन की’ (इंटरनेट नसताना व्हायरस वापरतो ती ठरावीक किल्ली) वापरली गेली असेल तरच. म्हणून इथे कोणी वाचत असेल तर बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेला बॅकअप हा बॅकअप नाही.

असंच दुसरं काम २०१९च्या नोव्हेंबरातलं. नवरा किंवा मित्र बायकोच्या फोनमध्ये गुपचूप पाळतीचं ॲप घालतो, त्याविरुद्ध अँटीव्हायरस कंपन्या आणि छळ झालेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था एकत्र आल्या. आधी अँटीव्हायरस अशा ॲपना ‘व्हायरस नाही’ अशा मोघम पाटीखाली टाकायचे. कॅस्परस्कीने त्याच वर्षी स्पष्ट इशारा द्यायला सुरुवात केली. पण संस्थांनी एक गोष्ट शिकवली जी आम्हा तंत्रवाल्यांना कधी सुचली नसती: ॲप सापडल्या सापडल्या काढू नका, नवऱ्याला कळतं आणि मार वाढतो. आधी सुरक्षित जागा, मग ॲप.

मला विचाराल तर सुरक्षा कंपनीने आपल्याला येतं ते फुकट द्यावं. बनियनी कोणीही शिवतं.


खापरतुकडा · गुरुवार, ०८:०५

‘आपल्याला येतं तेच द्यावं’ हे पटत नाही. मग माती कोण उकरणार? मातीचा धंदा करणारी कंपनी तर नसते. जिलेबीच्या ताटाची किंमत मला कळते, पण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या रांजणाचीही कोणीतरी ठेवली पाहिजे. दोन्ही पुसल्या गेलेल्या फायलीच.


डेबियनदास · गुरुवार, ०८:१९

शेवटच्या वाक्यावर हरलो. झोपायला जातो.


पेठेतली मनी · गुरुवार, ११:४५

एवढं सगळं लिहिलंत आणि घरचं विसरलात. क्विक हील आपल्या पुण्याची. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे संजय काटकर यांनी नव्वदीत अँटीव्हायरस लिहिला. २०१६ला कंपनी शेअर बाजारात आली. त्यांच्या फाउंडेशनचा ‘सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा’ उपक्रम आहे. कॉलेजची मुलं आधी स्वतः शिकतात आणि मग शाळाशाळांत जाऊन शिकवतात.

अशीच कॉलेजची दोन मुलं (कुठल्या उपक्रमातली ते विचारलं नाही) माझ्या भाचीच्या शाळेत आली होती. भाची घरी आली आणि तिने आजीचा फोन हातात घेतला. वीज कापणार म्हणून आलेला मेसेज, त्यातला नंबर, सगळं तपासलं आणि आजीला म्हणाली, ‘कोणी ओटीपी मागितला तर सांग, माझ्या नातीला विचारून सांगते.’ आजी आता खऱ्या बँकवाल्यालाही तेच सांगते. पैसे गेलेच तर १९३० लावायचा, तोही नंबर फ्रिजवर खडूने लिहिलाय.

मुलं मुलांना शिकवतात हे मला आवडलं. सुटाबुटातला माणूस आला असता तर पोरं झोपली असती.


सोनसळी · गुरुवार, २०:५५

धागा कुठल्या कुठे गेला, पण वाया गेला नाही. मी लिहिताना डोक्यात फक्त ते रांजण होते.

माइनकाठचांच्या प्रश्नावर विचार करतेय. शेजारच्या आजोबांचा बेंच तोच राहतो. अक्रोतिरीला पैसा कोणाचा, हे त्या निळ्या वानरांना विचारलं तर ते शेपटी अजून वर करतील. मला अडचण होते ती माझीच. ती संगमरवरी मूर्ती बघून मी हरखले, आणि त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आज घरी घेऊ का, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसेन. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

खापरतुकडा, इनामगावला जायचं तर काही बघायला शिल्लक आहे का? की सगळं कॉलेजच्या संग्रहालयातच?


खापरतुकडा · गुरुवार, २१:१७

वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात बघा, गावात टेकाड आणि नदी. टेकाडावर चालताना खाली बघत चाला. उचलू मात्र नका काही.


शिट्टी · गुरुवार, २१:४०

हिशेबनीस साहेब, एक विचारतो. आमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं आहे, अठरा वर्षं झाली. मॅटसाठी रीतसर अर्ज करायचा तर कंपनी काय काय कागद मागते? आणि मनीताई, ती कॉलेजची पोरं तालुक्याला येतात का? सामन्यांच्या मधल्या वेळात शे-दीडशे पोरं आणि त्यांचे आईबाप मैदानात रिकामेच बसलेले असतात. माइक आमच्याकडे आहे.


हिशेबनीस · गुरुवार, २२:०२

१२ए आणि ८०जी ही प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी आहे का बघा, ती नसेल तर पुढे सरकत नाही. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर सीएसआर-१ (सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक बांधिलकी) हा फॉर्म, त्याचा नंबर मिळतो, तो अर्जावर घालायचा. किमान तीन वर्षं अशाच कामाचा पुरावा लागतो, तो तुमच्याकडे ढिगाने असेल. स्पर्धांची पत्रकं, जिल्ह्याचे निकाल, जुने फोटो, सगळं काढून ठेवा. अर्जात ‘मॅट’ एवढंच लिहू नका. लांबी-रुंदी, दोन दुकानांची कोटेशनं आणि ती पावसाळ्यात कुठे ठेवणार तेही लिहा. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.


शिट्टी · गुरुवार, २२:१०

पावसाळ्यात शाळेच्या जिन्याखाली. कुलूप आहे. व्यनि मिळाला. ८०जीचा कागद कपाटात शोधतोय, सापडला की सांगतो.